ड्रायव्हरचं पोरगं

माझा बाप मुंबईत एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहिणार आहे त्याला कुणी तटस्थ समीक्षा म्हणायला नको. तटस्थ माणसांनी लिहिलेलं सिनेमावरचं लिखाण तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मीही वाचलंय. त्यात ड्रायव्हर नसतो.

1977 साली 'इन्कार' लागला. राज सिप्पीचा पिक्चर. विनोद खन्ना, विद्या सिन्हा, डॉक्टर श्रीराम लागू आणि अमजद खान. 'शोले' येऊन दोनच वर्षं झालेली, त्यामुळं गब्बर परत काय करतो ते बघायला सगळी वस्ती लोटलेली. शिवाय हेलनचा 'मुंगडा'. उषा मंगेशकरांनी गायलेलं ते गाणं आमच्या नाक्यावर सकाळ-संध्याकाळ वाजायचं, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्यासाठीच गेलो होतो. सतरा वर्षांचं वय. तेव्हा कसली बांधिलकी आणि कसलं काय.

गोष्ट अशी. लागू हे बुटांचे मोठे कारखानदार. चांभारकामातून वर आलेले. कुणीतरी त्यांचं पोर पळवायला जातो आणि चुकून त्यांच्या नोकराचं पोर पळवतो. चूक कळल्यावरही खंडणी शेठकडंच मागतो. आता शेठ नोकराच्या पोरासाठी पैसे देणार का? सगळी गंमत तिथं अडकवून ठेवलेली. थेटरात आमची पोरं पडद्याकडं बघून ओरडत होती, "दे की रं, दे!" एक म्हातारी तर हात जोडून बसलेली. पडद्यावर नोकर शेठपुढं रडायला लागला तसा माझा बाप उठला आणि पायांवरून वाट काढत बाहेर गेला. मला वाटलं, लघवीला. तो आला तो बऱ्याच वेळानं. अंगाला विडीचा वास. उरलेला पिक्चर त्यानं गुमान बघितला आणि घरी येताना एक शब्द बोलला नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं आणि नव्हतंही. मी नऊ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता. पोरगं जातंय असं वाटायला लागल्यावर बापानं शेठकडं पैसे मागितले. शेठनं दिले. मी वाचलो. आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. पण त्यानंतर बापानं रविवारची सुट्टी कधी घेतली नाही, पगारवाढ मागितली नाही, आणि शेठाणी रात्री दीड वाजता लग्नावरून परत यायची तरी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. शेठनं कधी बोलून दाखवलं नाही. शेठाणी दाखवायची. मी बारावी पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो तर म्हणाली, "बघ, आम्ही वाचवला म्हणून." ती खंडणी माझा बाप रिटायर होईपर्यंत हप्त्याहप्त्यानं फेडत होता.

'इन्कार' मुळात जपानी पिक्चरवरून घेतलेला, हे मला सात वर्षांनी कळलं. 1984 साली एका फिल्म सोसायटीत एका मित्राच्या पासवर घुसलो. अकिरा कुरोसावाचा 'तेन्गोकु तो जिगोकु' होता, म्हणजे 'स्वर्ग आणि नरक'. इंग्रजीत त्याला 'हाय अँड लो' म्हणतात. 1963 चा. दिवे गेले, दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की अरे, ही तर आपल्या लागूंची गोष्ट! मग पोटात गोळाच आला. कारण ह्यात ड्रायव्हर खराखुरा ड्रायव्हर होता. टोपी, गणवेश, सगळं.

गोष्टीचं मूळ आणखी मागं आहे. एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाची 'किंग्ज रॅन्सम' ही 1959 ची कादंबरी. तीत शेठ बुटांच्याच धंद्यातला आहे, पण तो पैसे देत नाही. कुरोसावानं ते फिरवलं. त्याचा शेठ गोन्दो, तोशिरो मिफुनेनं केलेला, पैसे देतो. आणि देतो तो सहजासहजी नाही. कंपनी ताब्यात घ्यायला त्यानं घरदार गहाण टाकून पैसा उभा केलाय, पाच कोटी येनचा चेक ओसाकाला जायला तयार आहे. खंडणी आहे तीन कोटींची. दिली तर तो रस्त्यावर येणार. जवळजवळ तासभर कॅमेरा त्या टेकडीवरच्या घराच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही. मग एकदम कोदामा एक्स्प्रेस, संडासाची सात सेंटिमीटर उघडणारी खिडकी, साकावा नदीचा पूल, आणि खाली फेकलेल्या पैशाच्या बॅगा. तिथं आख्खं सभागृह श्वास रोखून होतं. मीसुद्धा. पिक्चर म्हणून तो जबरदस्तच आहे, ह्यावर आपलं भांडण नाही.

भांडण नंतर झालं. पिक्चर संपल्यावर चहा आणि चर्चा. चर्चा इंग्रजीत, मधूनमधून पुणेरी मराठीत. एकजण रुंद पडद्यावर माणसं कशी मांडलीत ते सांगत होता. दुसरा चिमणीतून निघणाऱ्या गुलाबी धुराबद्दल बोलला, कारण सगळा पिक्चर काळापांढरा आणि तेवढा धूर रंगीत. तिसरा म्हणाला, गोन्दो हा आधुनिक काळातला महान नैतिक नायक. शेवटी एक बाई म्हणाल्या, "ही रिअली सफर्स." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "आणि आओकी?" कुणाला नाव आठवेना. मी म्हणालो, "ड्रायव्हर." तेव्हा एक गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले की त्याचं काम करणारा नट, युताका सादा, चांगला आहे.

ज्यांचं पोर पळवलं गेलं त्या बापाचं नाव दोन तासांनंतर कुणाला आठवत नव्हतं. पोर शेठचं नव्हतं, तरी दुःख शेठचं.

मात्र मी त्या रात्री त्या लोकांना जितक्या शिव्या घातल्या तितक्या सगळ्याच बरोबर नव्हत्या, हे आज कबूल करतो. ती रुंद पडद्यावरच्या मांडणीची बडबड मला तेव्हा टाकाऊ वाटली. नंतर पिक्चर पुन्हा तीनदा बघितला तेव्हा कळलं की आओकीची सगळी गोष्ट त्या मांडणीतच आहे. दिवाणखान्यात पोलीस सोफ्यावर बसतात, शेठ येरझारा घालतो, बायको मधे उभी राहते. आओकी पडद्याच्या कडेला. पाठ वाकलेली, तोंड खाली, बऱ्याचदा आपल्याकडं पाठ. तो सोफ्यावर बसलेला मला तरी आठवत नाही. एकदा तो जमिनीवर पडून मालकाला विनवतो. नंतर तोच म्हणतो की पैसे देऊ नका. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. स्वतःच्या पोराचा जीव स्वतःच्या तोंडानं सोडून द्यायचा, कारण मालकाचं नुकसान होतंय! कुरोसावाला हे दिसलेलं आहे. त्यानं ते दाखवलेलं आहे. समीक्षकाला मांडणी दिसली आणि मांडणीतला माणूस दिसला नाही, हा दोष कुरोसावाचा नाही.

आणि त्या पोराचं तरी बघा. शेठचा जुन आणि ड्रायव्हरचा शिनिची दोघं चोर-पोलीस खेळत असतात. मधेच कपड्यांची अदलाबदल करतात. म्हणून चूक होते. ड्रायव्हरच्या पोरानं मालकाच्या पोराचे कपडे घातले, एवढाच त्याचा गुन्हा.

पैसे दिल्यावर गोन्दोचं काय होतं? पेपरात बातम्या येतात. लोक हळहळतात. त्याला हाकलणाऱ्या कंपनीचे, नॅशनल शूजचे, बूट घेणं लोक बंद करतात. ज्या पोलिसाला एरवी श्रीमंत आवडत नाहीत तोही गोन्दोपुढं नमतो. म्हणजे पिक्चरच्या आतच पिक्चरचा प्रेक्षक बसवलेला आहे, आणि तो आम्हाला शिकवतो की कुणासाठी रडायचं. बाहेरचा प्रेक्षक तेच करतो. थेटरातल्या आमच्या पोरांनी तेच केलं, फिल्म सोसायटीतल्या विद्वानांनीही तेच केलं. एरवी ह्या दोघांचं कुठल्याही बाबतीत एकमत होत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. सगळे विचारतात, तो देईल का? एका पोराचा जीव दुसऱ्याच्या मनावर का अवलंबून आहे, हे कुणी विचारत नाही. मालकानं दिलं तर तो देव, नाही दिलं तर त्याचाही नाइलाज. दोन्हीकडून ड्रायव्हरच्या वाट्याला हात जोडणंच. बाबासाहेबांनी आपल्याला हक्काची भाषा शिकवली ती ह्यासाठीच. महाडला पाणी मागायला गेलो नव्हतो, प्यायला गेलो होतो. आणि आपण थेटरात बसून "दे की रं" ओरडतोय!

आता चामड्याचं. हा मुद्दा मी अजून कुठल्याही समीक्षेत वाचलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गोन्दो सोळाव्या वर्षापासून बुटांच्या कामात आहे. सुरुवातीलाच तो दुसऱ्या डायरेक्टरांनी आणलेला तकलादू बूट हातानं फाडून दाखवतो. नंतर खंडणीच्या बॅगांत पोलिसांना खुणेच्या पुड्या लपवायच्या असतात, तेव्हा तो आपली जुनी हत्यारं मागवतो आणि खाली बसून स्वतःच्या हातानं चामडं शिवतो. पोलीस गप्प होऊन बघत राहतात. आमच्या शेजारचे चांभार मामा असेच बसायचे, गुडघ्यात चामडं धरून. त्यांच्या हातातली आरी आणि गोन्दोच्या हातातलं हत्यार ह्यात काही फरक नाही. पण मामांकडं कुणी असं गप्प होऊन बघितलं नाही.

जपानमध्ये चामडं कोण कमावतं, बूट कोण शिवतं? बुराकुमिन. दिसायला, बोलायला, धर्मानं इतर जपान्यांसारखेच. पण मेलेलं जनावर ओढणं, कातडी कमावणं, फासावरची कामं करणं हे पूर्वजांच्या वाट्याला आलेलं, म्हणून विटाळलेले. 1871 साली सरकारी हुकमानं त्यांची मुक्ती झाली. कागदावर. आपल्याकडं आडनाव विचारतात, तिकडं पत्ता विचारतात. 1975 साली उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि बड्या कंपन्या त्या विकत घेत होत्या, कशासाठी तर नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता ताडून बघायला. ह्या लोकांनी 3 मार्च 1922 रोजी क्योतो शहरात सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी.

गोन्दो बुराकुमिन आहे, असं पिक्चर कुठंही म्हणत नाही. मीही म्हणत नाही. चामड्याचं काम करणारे सगळेच बुराकुमिन नसतात. पण चामड्याच्या धंद्यावर अडीच तासांचा पिक्चर काढायचा आणि त्या शब्दाची सावलीही पडू द्यायची नाही, हे तिकडच्या प्रेक्षकालाही जाणवलं असेल की नाही? आपल्या 'इन्कार'मध्ये तर गंमतच. चांभारकामातून वर आलेला माणूस, आणि नाव काय तर हरिदास चौधरी. जातीचा पत्ता नाही. त्याची कला तेवढी उचलली, त्याचा घाम नायकाच्या अंगाला लावला, आणि त्या घामाला जो वास येतो म्हणून आम्हाला आडातून पाणी दिलं नाही, तो वास मात्र पुसून टाकला. कष्टातून वर आलेला माणूस दाखवायला चांभार लागतो. वर आल्यावर तो चांभार राहिलेला चालत नाही.

पिक्चरचा दुसरा भाग खालच्या शहरात उतरतो. योकोहामाची गल्ली, सांडपाण्याचा डबकं झालेला ओढा, लाकडी खुराड्यांतल्या खोल्या. गुन्हेगार ताकेउची हा हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर. खोलीतून वर बघितलं की टेकडीवर गोन्दोचं घर. एवढंच त्याचं कारण. आणि इथं एक बाई येते. मला तिच्याविषयी लिहायचंय, कारण तिच्याविषयी कुणी लिहीत नाही.

ताकेउचीनं आपल्या दोन साथीदारांना कडक हेरॉइन देऊन मारलेलं आहे. पोलिसांना तो कोण हे कळलेलं आहे. ते त्याला धरू शकतात. पण नुसत्या अपहरणाला पंधरा वर्षांची शिक्षा होईल, आणि त्यांना तो फासावर हवाय. गोन्दोसारख्या चांगल्या माणसाचं वाटोळं केलं म्हणून. तेव्हा ते त्याला मोकळा सोडतात, मागं माणसं लावतात, साथीदार जिवंत आहेत अशी बनावट चिठ्ठी पाठवतात. तो आणखी कडक हेरॉइन घेतो आणि ते चालतं का बघायला नशेबाजांच्या गल्लीत जातो. तिथं भिंतीला टेकलेली, अंग थरथरणारी एक बाई निवडतो. खोलीत नेतो. बाहेर साध्या कपड्यातले पोलीस. तो एकटाच बाहेर येतो. बाई मेलेली.

पोलिसांना धक्का बसतो, हे खरं. पण पिक्चर तिथं थांबत नाही. पुढच्या पाठलागात रंगतो. तिला नाव नाही. तिच्यासाठी कुणी बुटांवर बहिष्कार टाकत नाही. शेठच्या तीन कोटींचा पुरता न्याय व्हावा म्हणून एक बाई खर्ची पडली, आणि हिशेबाच्या वहीत तिची नोंदही नाही. फिल्म सोसायटीत मी हे बोललो तेव्हा एकजण म्हणाला, "अहो, ती अ‍ॅडिक्ट होती." मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो. त्या वयात मला निघून जाणं जमायचं.

कुरोसावा पोलिसांच्या बाजूचा, असा आक्षेप डाव्या मंडळींनी घेतलेला आहे. आमच्यातलाही एक मित्र म्हणायचा की पिक्चर सरळसरळ भांडवलदारांचा. मला ते इतकं सोपं वाटत नाही. शेवट बघा. ताकेउचीला फाशी ठरलीय. तो गोन्दोला भेटायला बोलावतो. मधे काच आणि जाळी, आणि काचेत एकाच्या तोंडावर दुसऱ्याचं प्रतिबिंब. ताकेउची सांगतो, माझ्या खोलीत थंडीत झोप यायची नाही, उन्हाळ्यात झोप यायची नाही, आणि वर तुझं घर. मग तो ताठपणा सोडून किंचाळायला लागतो, त्याला ओढून नेतात, धाडकन शटर पडतं. गोन्दो पाठमोरा बसलेला. संपलं. गोन्दोकडं उत्तर नाही, कुरोसावाकडंही नाही, आणि उत्तर असल्याचं नाटक तो करत नाही. 'इन्कार'मध्ये ही खोली, ही थंडी, हा उन्हाळा सगळं उडवून तिथं गब्बर बसवला. खलनायक असल्यावर खोली कशाला दाखवायची?

कुरोसावाची भूमिका मात्र उघड होती. अपहरणाला जपानी कायद्यात शिक्षा फार कमी आहे, असं त्याचं मत होतं आणि पिक्चर त्या चिडीतून काढलेला होता. 1 मार्च 1963 ला पिक्चर लागला आणि चांगला चालला. 'किनेमा जुन्पो' या तिकडच्या मातब्बर मासिकानं त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत त्याला दुसरा नंबर दिला, माइनिचीचं उत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस मिळालं. पण खरी प्रतिक्रिया थेटराबाहेर आली. 31 मार्चला तोक्योत चार वर्षांचं एक पोरगं बागेतून पळवलं गेलं. पन्नास नव्हे, पाच लाख येन मागितले. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन माणूस पैसे घेऊन गेला. पोरगं मेलेलं सापडलं ते दोन वर्षांनी. गुन्हेगार कर्जात बुडालेला घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर निघाला, आणि ह्या पिक्चरची झलक बघून त्याला कल्पना सुचली असं सांगितलं जातं. कुरोसावाच्या स्वतःच्या मुलीला पळवण्याच्या धमक्या आल्या. 1964 साली कायदा बदलला. खंडणीसाठी पळवलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पिक्चरनं समाज बदलत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि ह्या दोन्हींच्या मधे सायामा घडलं.

1 मे 1963. सैतामा प्रांतातलं सायामा गाव. शाळेतली सोळा वर्षांची पोरगी घरी आली नाही. रात्री चिठ्ठी आली, दोन लाख येन. दुसऱ्या रात्री पैसे द्यायच्या जागेभोवती चाळीसेक पोलीस दबा धरून बसले. माणूस आला, बोलला, आणि त्यांच्या हातून निसटला. पोरीचं प्रेत मिळालं. महिन्याभरात दुसऱ्यांदा पोलिसांची अब्रू गेली. देशभर बोंब. मग पोलीस कुठं घुसले असतील? तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं पाकीट मारलं गेलं तरी पहिली गाडी कुठल्या वस्तीत येते ते तुम्ही बघितलेलं आहे. ते बुराकू वस्तीत घुसले. 23 मे रोजी काझुओ इशिकावा हा चोवीस वर्षांचा पोरगा दुसऱ्याच किरकोळ आरोपाखाली उचलला. ह्याला धड लिहितावाचता येत नव्हतं, आणि केसमधला मुख्य पुरावा हातानं लिहिलेली चिठ्ठी! महिनाभर कोंडून प्रश्न विचारले. कबूल कर, दहा वर्षांत सुटशील, असं सांगितलं. त्यानं कबूल केलं. घराची दोनदा कसून झडती झालेली, काही मिळालं नव्हतं. तिसऱ्या वेळी दाराच्या चौकटीवर त्या पोरीचं म्हणून पेन सापडलं. 11 मार्च 1964 ला फाशीची शिक्षा.

अपहरण करणारा फासावर गेला पाहिजे, ही हवा पिक्चरनं एकट्यानं तयार केली असं मी म्हणत नाही. इशिकावाला शिक्षा झाली ती काही नव्या कलमाखाली नव्हे. पण कायदा कडक करा म्हणून जेव्हा सगळा देश ओरडतो, तेव्हा तो कुणाच्या मानेवर पडणार हे ओरडणाऱ्यांना माहीत नसतं, आणि आपल्याला माहीत असतं. कुरोसावाचा गुन्हेगार शिकलेला, थंड डोक्याचा, गॉगल लावणारा. खऱ्या कोठडीत बसलेला माणूस अक्षरशत्रू मजूर. त्याच्यासाठी घर गहाण टाकणारा गोन्दो नव्हता.

त्याच्यासाठी बुराकू मुक्ती संघटना उभी राहिली. मोर्चे, सभा, सह्या, वर्षानुवर्षं. त्यानं तुरुंगात अक्षरं गिरवली आणि स्वतःच्या हातानं लिहायला लागला की मी निर्दोष आहे. 31 ऑक्टोबर 1974 ला तोक्योच्या हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. 1977 ला सुप्रीम कोर्टानं अपील फेटाळलं. डिसेंबर 1994 ला तो पॅरोलवर सुटला, एकतीस वर्षांनी, पण खुनी म्हणूनच. खटला पुन्हा उघडा म्हणून लढत राहिला. 11 मार्च 2025 ला वारला, शहाऐंशीव्या वर्षी. ज्या तारखेला फाशी सुनावली तीच तारीख. पुन्हा सुनावणी झालीच नाही. त्याच्यामागं त्याच्या बायकोनं नवा अर्ज केला. किम सुंगउंग या दिग्दर्शकानं त्याच्यावर 2013 साली 'सायामा' नावाचा माहितीपट काढला. त्यात पाठलाग नाही, आगगाडी नाही. एक म्हातारा रोज व्यायाम करतो, बायकोशी थट्टा करतो आणि कोर्टापुढं पत्रकं वाटतो. आपल्या शिबिरात मारधाडीचे पिक्चर दाखवतो त्याऐवजी हा मिळवून दाखवा, असं मी तीनदा सुचवलं. पोरं कंटाळतील म्हणे.

2025 साली स्पाइक ली या काळ्या दिग्दर्शकानं हीच गोष्ट न्यूयॉर्कमध्ये नेली, 'हायेस्ट टू लोएस्ट'. डेन्झेल वॉशिंग्टन संगीताच्या धंद्यातला बडा शेठ. समीक्षक म्हणाले, पार्श्वसंगीत फार जड झालंय, पूर्वार्ध ओढलाय. असेल. बुटांचा धंदा गेला आणि हातानं शिवणं गेलं, त्याचं मलाही वाईट वाटलं. पण ड्रायव्हर बघा! जेफ्री राइटनं केलेला. मालकाचा जुना दोस्त, तुरुंगात राहून आलेला. पोलीस त्याच्याशी नीट बोलत नाहीत, तर तो त्यांना उलट बोलतो. पोराला पळवणाऱ्याला शोधायला मालकाच्या बरोबरीनं निघतो. मालक आणि ड्रायव्हर दोघंही काळे, हा फरक पडलाच असणार. हा पिक्चर कुरोसावाच्या नखाची सर नसलेला असेल, पण बाप तो बघायला असता तर विडी ओढायला उठला नसता असं वाटतं.

बाप 1991 साली गेला. 1984 च्या त्या रात्री मी फिल्म सोसायटीतून तणतणत घरी आलो तेव्हा तो जागाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे शेठला विमानतळावर सोडायचं होतं, म्हणून गणवेशाला इस्त्री करत बसला होता. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. आओकी, त्याचं पोर, गोन्दोनं पैसे दिले ते, घरदाराचा लिलाव झाला ते, ती बाई, ते शटर. कुरोसावा म्हणजे काय, भांडवलशाही म्हणजे काय, तेही सांगितलं असेल. तेव्हा मी फार बोलायचो. तो इस्त्री फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला,

"आन् शेठचं घर गेल्यावर त्या ड्रायव्हरची नोकरी ऱ्हायली का रं?"

मी आठवून बघितलं. मला सांगता येईना.